पेव, पावती आणि साखळी

सांगली सोडून पुण्याच्या दिशेने निघाले की पहिले स्टेशन लागते माधवनगर. कापडगिरणी आणि यंत्रमागांमुळे ओळखले गेलेले हे गाव. इथला एखादा मागवाला कोइमतूरच्या सूतगिरणीकडून सूत मागवतो आहे, असे समजू. दोघांची ओळख फोनपुरती. सूत ताब्यात आल्याशिवाय पैसे सोडायला मागवाला तयार नाही आणि पैशांची खात्री झाल्याशिवाय माल ट्रकवर चढवायला गिरणी तयार नाही. मग मध्ये बँका येतात. मागवाल्याची बँक ‘लेटर ऑफ क्रेडिट’ देते. व्यापारात त्याला नुसते एलसी म्हणतात. ठरलेली कागदपत्रे ठरल्याप्रमाणे आली तर पैसे आम्ही देऊ, असे ते बँकेचे वचन. त्यानंतर बिल, लॉरी पावती, ई-वे बिल, विम्याचा कागद असा गठ्ठा गिरणीकडून तिच्या बँकेकडे आणि तिथून मागवाल्याच्या बँकेकडे जातो. प्रत्येक टेबलावर कोणीतरी तो गठ्ठा उघडतो, एलसीशी ताडून पाहतो, आपल्या दप्तरी नोंद करतो. नावातले एक अक्षर इकडचे तिकडे झाले तरी कागद परत. सूत केव्हाच येऊन पडलेले असते, कागद अजून वाटेत असतात.

एकाच सुताची ही नोंद किती जागी झाली? गिरणीच्या वहीत, मागवाल्याच्या वहीत, दोन्ही बँकांत, ट्रान्सपोर्टवाल्याकडे, विमा कंपनीत. सहा वह्या, आणि प्रत्येकाचा विश्वास फक्त स्वतःच्या वहीवर. त्या जुळवून पाहण्याला आपल्याकडे जुना शब्द आहे, ताळमेळ. बँकेचा केवढा तरी पैसा आणि वेळ या ताळमेळातच जातो. मोठमोठ्या, शंभर वर्षांच्या बँकांना ब्लॉकचेनची ओढ लागली ती याच खर्चापायी. बिटकॉइनच्या भावाशी तिचा संबंध फार थोडा.

ब्लॉकचेन म्हणजे काय, हे समजायला बचत गटाची सभा आठवावी. कोणी किती भरले, कोणी कर्ज घेतले, हे सर्वांसमोर वाचले जाते आणि तीच नोंद प्रत्येकीच्या पासबुकात उतरते. उद्या अध्यक्षाबाईंनी मूळ वहीत खाडाखोड केली, तर वीस पासबुके त्यांच्याविरुद्ध साक्ष देतील. ब्लॉकचेनमध्ये वही सर्व सभासदांकडे एकाच वेळी असते आणि नवी नोंद सभासदांच्या संमतीने, सगळीकडे एकदमच होते. दुसरी गोष्ट गणिताची आहे. नोंदींच्या प्रत्येक पानाचा एक ठसा काढला जातो, त्याला हॅश म्हणतात. पानावरचे चाळीस हजार बदलून एक्केचाळीस हजार केले, नुसता स्वल्पविराम हलवला, तरी ठसा पार वेगळा येतो. पुढचे पान लिहिताना त्याच्या डोक्यावर आधीच्या पानाचा ठसा टाकतात. त्यामुळे मधलेच पान बदलायचे, तर त्यापुढची सगळी पाने नव्याने लिहावी लागतील, आणि तीही प्रत्येक सभासदाच्या वहीत.

ही कल्पना बिटकॉइनपेक्षा जुनी आहे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोन अमेरिकी संशोधकांनी १९९१ मध्ये डिजिटल कागदावर तारखेचा न पुसणारा शिक्का कसा मारावा, यावर निबंध लिहिला. पुढे त्यांनी काढलेली कंपनी १९९५ पासून दर आठवड्याला आपल्या नोंदींचा ठसा ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत छापू लागली. लाखो घरांत पोचलेला अंक परत गोळा करून बदलणे कोणालाच शक्य नाही! सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ मध्ये बिटकॉइनचा निबंध प्रसिद्ध झाला, त्यात एकंदर आठ संदर्भ आहेत आणि त्यांतले तीन या दोघांचे.

बिटकॉइनच्या वहीत कोणीही, नाव न सांगता, शिरू शकतो. बँकेला हे चालणार नाही. ग्राहकाची ओळख पटवणे ही तिची कायदेशीर जबाबदारी आणि ग्राहकाचा व्यवहार गुप्त ठेवणे हा तिचा धर्म. म्हणून बँकांनी साखळी घेतली आणि दार बंद केले. आत फक्त ओळखीचे सभासद, आणि ज्याचा व्यवहार त्यालाच दिसणार. कॉर्डा, हायपरलेजर फॅब्रिक ही अशा बंद वह्यांची प्रसिद्ध साधने. बिटकॉइनचे भक्त याला ब्लॉकचेन म्हणायलाही तयार नसतात. मला त्यांचे पटत नाही. ज्यांचा एकमेकांवर पुरता भरवसा नाही अशांनी एक वही सामाईक ठेवणे, हा यातला गाभा आहे आणि तो बंद दाराआडही टिकतो.

आता भारतातली पहिली ठळक घटना. तिचा एक धागा सांगलीपर्यंत येतो. १९१६ साली सांगलीत सांगली बँक निघाली. राजवाडा चौकातले मुख्य कार्यालय, महाराष्ट्र आणि कर्नाटकात पसरलेल्या शाखा, आणि हळद, गूळ, शेंगेच्या व्यापाऱ्यांची तीन पिढ्यांची खाती. १९ एप्रिल २००७ रोजी ही बँक आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. सांगली बँकेच्या ९२५ शेअरांमागे आयसीआयसीआयचे १०० शेअर मिळाले. गावच्या नावाची बँक गेली याची हळहळ तेव्हा पुष्कळांना वाटली, आणि ती खोटी नव्हती. सांगली बँकेची सगळी खाती जिच्या दप्तरात गेली, त्याच आयसीआयसीआयने साडेनऊ वर्षांनी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, दुबईच्या एमिरेट्स एनबीडी बँकेबरोबर ब्लॉकचेनवरचे दोन व्यवहार केल्याचे जाहीर केले. भारतीय बँकेने असे व्यवहार करण्याची ही पहिली वेळ. एका व्यवहारात मुंबईच्या शाखेतून दुबईला पैसे पाठवले गेले आणि ते तत्काळ पोचले. दुसरा व्यवहार मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मुंबईच्या एका आयातदाराने दुबईतून वितळवण्यासाठीचे तुकडे केलेले पोलादी भंगार मागवले होते. त्याची खरेदीची मागणी, बिल, जहाजाची पावती, विमा हे सारे दोन्ही बँकांना आणि दोन्ही व्यापाऱ्यांना एकाच वहीत, एकाच क्षणी दिसत होते. इन्फोसिसच्या एजव्हर्व्ह या उपकंपनीने ती यंत्रणा पुरवली होती. २०१८ च्या एप्रिलपर्यंत अडीचशेहून अधिक कंपन्या आपल्या या व्यवस्थेत आल्याचे बँकेने सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरात रिलायन्सने अमेरिकेतल्या ट्रायकॉन एनर्जीला पाठवलेल्या मालाची एलसी एचएसबीसी आणि आयएनजी या बँकांनी कॉर्डावर उरकली. एरवी सात ते दहा दिवस घेणारे कागदांचे काम एका दिवसाच्या आत झाले.

सामाईक वहीची निकड मात्र या यशांपेक्षा एका अपयशाने जास्त ठळकपणे दाखवली. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी पंजाब नॅशनल बँकेने शेअर बाजाराला कळवले, की मुंबईतल्या तिच्या एका शाखेतून हजारो कोटींची खोटी हमीपत्रे दिली गेली आहेत. नीरव मोदी प्रकरण म्हणून आपण ते ओळखतो. आकडा पुढे तेरा हजार कोटींच्या वर गेला. हे वर्षानुवर्षे उघडकीस का आले नाही, याचे उत्तर आपल्या सहा वह्यांत आहे. परदेशातल्या बँकांना हमीचा संदेश जायचा तो स्विफ्ट या जागतिक संदेशव्यवस्थेतून. बँकेचा स्वतःचा हिशेब होता तो कोअर बँकिंगच्या संगणकात. या दोन यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. स्विफ्टवरून वचन जात राहिले आणि बँकेच्या वहीत त्याची नोंदच झाली नाही. बाहेरची बँक संदेशावर विश्वास ठेवून पैसे देत होती, आणि घरच्या वहीला पत्ता नव्हता. हमी देणारा आणि घेणारा एकाच वहीत लिहीत असते, तर हे इतकी वर्षे चालूच शकले नसते. रिझर्व्ह बँकेने मार्चमध्ये अशी हमीपत्रे बंदच केली आणि स्विफ्ट व कोअर बँकिंग जोडून घ्यायला बँकांना मुदत दिली. खरे सांगायचे तर ही फट बुजवायला ब्लॉकचेन लागलीच असती असे नाही, साधी जोडणीही पुरली असती. पण वेगवेगळ्या वह्यांची किंमत काय असते हे त्या प्रकरणामुळे प्रत्येक बँकेच्या संचालक मंडळाला कळले.

२०२१ मध्ये पंधरा बँकांनी मिळून एक कंपनी काढली: इंडियन बँक्स ब्लॉकचेन इन्फ्रास्ट्रक्चर कंपनी. स्टेट बँक, बँक ऑफ बडोदा, कॅनरा, इंडियन या सरकारी बँका, आयसीआयसीआय, एचडीएफसी, अॅक्सिस, कोटक यांसारख्या खासगी बँका, आणि स्टँडर्ड चार्टर्ड. एरवी एकमेकींचे ग्राहक पळवणाऱ्या या बँका एका कामासाठी एकत्र बसल्या, आणि ते काम होते देशांतर्गत एलसी. म्हणजे आपल्या माधवनगर ते कोइमतूरचाच व्यवहार. जीएसटीचे बिल आणि ई-वे बिल त्याच वहीत आले, की एकच बिल दोन बँकांकडे दाखवून दोनदा कर्ज उचलण्याची वाट बंद होते.

हे सारे ऐकून वाटेल की मार्ग सरळ आहे. तसे झाले नाही. जगभरात याच काळात निघालेले मोठे उपक्रम एकामागून एक कोसळले. युरोपातल्या बँकांची ‘वी-ट्रेड’ २०२२ मध्ये बुडाली. मर्स्क आणि आयबीएम यांनी जहाजी मालासाठी उभारलेले ‘ट्रेडलेन्स’ बंद करण्याची घोषणा त्याच वर्षी झाली. ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजाराने आपली सौदे मिटवण्याची जुनी व्यवस्था काढून ब्लॉकचेनवर नेण्याचा अनेक वर्षांचा प्रकल्प नोव्हेंबर २०२२ मध्ये सोडून दिला आणि सुमारे पंचवीस कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर खर्ची टाकले. एलसीसाठीच निघालेले ‘कॉन्टूर’ २०२३ मध्ये थांबले. साखळीचे गणित कुठेच चुकले नव्हते. अडले ते माणसांपाशी. सामाईक वही तेव्हाच उपयोगी, जेव्हा सगळे तीत लिहितात. निम्म्या बँका, निम्मी बंदरे, निम्मे ट्रान्सपोर्टवाले बाहेर राहिले, तर जुना कागदही ठेवावा लागतो आणि नवी वहीही. म्हणजे सहाच्या सात वह्या झाल्या.

आपल्याकडे तर आणखी एक कारण आहे. सर्वांना मान्य असा एक विश्वासू वहीवाला असेल, तर ब्लॉकचेनची गरजच पडत नाही. १९९६ मध्ये शेअरच्या नोंदी संगणकात ठेवणारी एनएसडीएल सुरू झाली आणि काही वर्षांत शेअरची कागदी सर्टिफिकेटे, खोट्या सह्या, टपालात गहाळ होणारे गठ्ठे हे सारे संपले. एक मध्यवर्ती वही आणि तिच्यावर सेबीची नजर, एवढ्यावर भागले. यूपीआयचेही तेच. चहावाल्याच्या खात्यात दहा रुपये क्षणात पोचतात, त्यात साखळी कुठेच नाही. म्हणून कोणत्याही बँकेने ब्लॉकचेनची घोषणा केली की मी आधी एवढेच पाहतो: या व्यवहारात सर्वांना मान्य असा मध्यस्थ आहे का? देशाच्या सीमेपलीकडे तो सहसा नसतो. तिथे साखळीला खरे काम आहे. जून २०२३ मध्ये जेपी मॉर्गनने गुजरातच्या गिफ्ट सिटीतल्या भारतीय बँकांच्या शाखांबरोबर डॉलरचे व्यवहार ब्लॉकचेनवर चोवीस तास मिटवण्याचा प्रयोग सुरू केला, त्यामागे हेच होते. न्यू यॉर्क झोपलेले असताना डॉलर अडकून पडू नयेत.

वहीची गोष्ट इथवर. आता त्या वहीवर फिरणाऱ्या मालमत्तेची. डिजिटल मालमत्ता म्हटले की सामान्य वाचकाला क्रिप्टो आठवते, पण भारतीय बँका त्या वाटेने गेल्या नाहीत. ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांना सेवा देण्यास मनाई केली. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द ठरवले. मग २०२२ पासून सरकारने अशा नफ्यावर तीस टक्के कर बसवला. बँका अंतर राखून राहिल्या, आणि ठेवीदारांच्या पैशाचा विचार करता ते योग्यच झाले.

त्यांच्या हाती आला तो डिजिटल रुपया. हा खुद्द रिझर्व्ह बँकेचा रुपया आहे, नोटेसारखाच तिच्यावरचा दावा. यूपीआयमध्ये आपल्या बँकखात्यातले पैसे हलतात. डिजिटल रुपया मात्र मोबाइलमधल्या पाकिटात नोटेसारखा असतो आणि नोटेसारखेच त्यावर व्याज नाही. १ नोव्हेंबर २०२२ ला नऊ बँकांमध्ये सरकारी रोख्यांच्या सौद्यांसाठी, आणि १ डिसेंबरला चार शहरांत सामान्य ग्राहकांसाठी त्याचा प्रायोगिक वापर सुरू झाला. पहिल्या चार बँकांत स्टेट बँक आणि आयसीआयसीआय होत्या, पहिल्या चार शहरांत मुंबई. मार्च २०२५ अखेर सुमारे १,०१६ कोटींचे डिजिटल रुपये चलनात होते. कागदी चलनाच्या डोंगरापुढे हा आकडा मुठीएवढा. मुंबईच्या भाजीवाल्याने यूपीआय सोडून हे का घ्यावे, याचे सबळ कारण अजून कोणी दिलेले नाही.

मात्र डिजिटल रुपयाला अट घालता येते. अमुक कामालाच, अमुक मुदतीतच खर्च होईल असा रुपया. इंडसइंड बँकेने २०२४ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पन्नास शेतकऱ्यांना कार्बन क्रेडिटचे पैसे अशा रुपयात देऊन पाहिले. उद्या पीककर्ज असे आले, की ते खते-बियाण्यांवरच खर्च होईल. बँकेला हे फार सोयीचे आहे. शेतकऱ्याला सोयीचे आहे का? घरात कोणी आजारी पडले, की पीककर्जातले पाच हजार दवाखान्यात जातात, हे खेड्यात राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तेवढी सवड काढून घेणारा रुपया देण्याआधी बँकांनी हा हिशेब जरूर करावा.

डिजिटल मालमत्तेचा तिसरा प्रकार म्हणजे टोकन: एखाद्या खऱ्या वस्तूवरचा हक्क वहीतल्या नोंदीत बांधायचा आणि ती नोंदच हातोहात विकायची. जगातल्या बँका याला उद्याची क्रांती म्हणतात. सांगलीकरांना त्यात ओळखीचे काहीतरी दिसेल. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथल्या मातीत वीस-पंचवीस फूट खोल पेवे खणत. तोंड अरुंद, पोट मोठे. आत हळद भरून, वरून माती लावून तोंड बंद केले, की ती वर्षानुवर्षे कीड न लागता राही. आणि सांगलीच्या पेठेत पेव न उघडता ती हळद विकली जाई. माल हरिपूरच्या जमिनीत, मालक मात्र पेठेत बदलत जाणारा. सांगलीत हळदीचे वायदे होत, त्यासाठी वेगळे एक्स्चेंज होते. व्यापारी, अडते, पेवमालक आणि पैसा पुरवणारे या सर्वांना जोडणारी वस्तू एकच होती, नोंद.

मग २००५ चा महापूर आला. कृष्णेचे पाणी पेवांत शिरले आणि हळद कुजली. कागदावर पेव भरलेलेच होते, आत चिखल होता. त्यानंतर पेवांचा काळ सरला आणि हळद गोदामांत व शीतगृहांत गेली.

आज पेवांच्या त्या नोंदीची जागा घ्यायला दोन व्यवस्था आहेत. २००७ च्या वखार कायद्याखाली निघणारी आणि २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक झालेली गोदाम पावती मध्यवर्ती वहीत, डीमॅटसारखी ठेवली जाते. दुसरीकडे महाराष्ट्र राज्य वखार महामंडळाने व्हर्ल या कंपनीच्या साह्याने ब्लॉकचेनवरची पावती आणली, आणि १९११ साली स्थापन झालेली महाराष्ट्र राज्य सहकारी बँक तिच्यावर शेतमाल तारण कर्ज देऊ लागली. शेतकऱ्याने महामंडळाच्या गोदामात माल ठेवला, की पावती साखळीत नोंदते. त्याने मोबाइलवरून कर्ज मागितले, की बँकेला ती दिसते आणि त्याच क्षणी त्या मालावर बँकेचा बोजा चढतो. दुसऱ्या बँकेकडे तोच माल तारण ठेवता येत नाही. सुगीत भाव पडलेला असताना माल विकावा लागू नये, एवढ्यासाठी ही धडपड. मुंबईच्या भंगाराच्या व्यवहारापेक्षा या प्रयोगाबद्दल मला जास्त आपुलकी आहे, कारण इथे साखळीच्या टोकाला कर्ज मागणारा माणूस छोटा आहे.

पण पावतीवर ‘पन्नास पोती, राजापुरी हळद’ असे लिहिणारा माणूस अजून गोदामाच्या दारातच उभा असतो. पोते शिगेने टोचून तो नमुना काढतो, ओलावा तपासतो, प्रत ठरवतो, काटा वाचतो. त्याने चूक केली किंवा डोळेझाक केली, तर साखळी ती चूकही तितक्याच निष्ठेने, न पुसता येईल अशी जपून ठेवते. त्यासाठी वजनकाटे थेट साखळीला जोडावेत, गोदामात ओलावा मोजणारी यंत्रे लावावीत, असे उपाय सुचवले जातात, आणि ते करण्याजोगे आहेत. तरी तारण देणाऱ्या बँकेला आपला माणूस अधूनमधून गोदामात पाठवावाच लागतो, थप्प्या मोजायला. हरिपूरचे पेव उघडले, की हमाल लगेच आत उतरत नसत. आधी पेटता कंदील दोरीने खाली सोडत. तो विझला तर आतली हवा कोंदलेली आहे असे समजत आणि पेव आणखी काही वेळ उघडे ठेवून थांबत. कंदील तळाशी जळत राहिला, म्हणजे मग पहिला माणूस टोपली घेऊन खाली उतरे.